लाल कार्ड कोणाला?

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा संपादक मंडळाचा निरोप दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी लसीकरण, अतिसार वा कुपोषण यांपैकी एखादा विषय घेऊन स्वतःची सुटका करून घेतो. यंदाचा विषय मात्र मैदानावरचा आहे. फुटबॉलमधले मला फार कळते असा माझा दावा नाही. परंतु गेल्या हिवाळ्यात रांध्याच्या एका मैदानावर जे घडले, त्यात डॉक्टर म्हणून मी स्वतः कमी पडलो. ते आपल्या मंडळींसमोर मांडल्याखेरीज मनाला स्वस्थता लाभणार नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

भातकापणी उरकली की आपल्याकडे मुलांना खेळायला मोकळी जागा मिळते. सिल्वासाच्या औद्योगिक वसाहतींत देशभरातून माणसे आली. येताना त्यांनी आपापले सण आणले, खाद्यपदार्थ आणले आणि बंगाल-केरळकडच्या मंडळींनी फुटबॉलचे वेडही आणले. त्या रविवारी गावातील मुलांचा संघ आणि कामगार वसाहतीतील मुलांचा संघ यांच्यात सामना होता. चुन्याच्या रेषा, बांबूचे गोलखांब, शिट्टी घेऊन उभा असलेला वसाहतीतलाच एक तरुण पंच आणि कडेला दोनेकशे प्रेक्षक. बक्षीस देण्यासाठी पाहुणा म्हणून मला बोलावले होते, त्यामुळे खुर्ची पुढची मिळाली होती.

उत्तरार्धात एक उंच चेंडू गोलाच्या दिशेने आला. गावच्या संघाचा तेरा वर्षांचा गोलरक्षक तो धरण्यासाठी पुढे झेपावला. समोरून पंधरा वर्षांचा आघाडीवीर चेंडूवर नजर ठेवून उडाला. त्याचा गुडघा गोलरक्षकाच्या कानशिलावर आदळला आणि दोघेही खाली पडले. आघाडीवीर लगेच उठला. गोलरक्षक काही क्षण हलला नाही, मग उठून बसला आणि डोके धरून राहिला.

आणि वाद पेटला. "गोलरक्षकाला हात लावायचाच नसतो, लाल कार्ड दाखवा!" असा एक पक्ष. "चेंडू दोघांचा होता, त्याने पाहिलेसुद्धा नाही," असा दुसरा. माझ्या शेजारी बसलेले वसाहतीतील एक वयस्कर बंगाली गृहस्थ मोहन बागानचे जुने भक्त. ते मला नियम समजावू लागले आणि मी त्यांच्याशी हिरिरीने वाद घालू लागलो. माझे मत लाल कार्डाच्या बाजूचे होते. पंचाने शेवटी पिवळे कार्ड दाखवले. दोन्ही बाजू नाराज झाल्या आणि खेळ पुन्हा सुरू झाला. गोलरक्षक आपल्या जागी उभा राहिला.

आठ-दहा मिनिटांनी त्याने खांबाशी उलटी केली. मी धावत गेलो तेव्हा त्याने मला विचारले, "गोल झाला का?" मी नाही म्हटले. अर्ध्या मिनिटाने पुन्हा तेच, "गोल झाला का?" रिक्षात बसेपर्यंत त्याने तो प्रश्न पाच-सहा वेळा विचारला. प्रत्येक वेळी माझे उत्तर त्याला नवे होते.

आपल्या वाचकांत डॉक्टर बहुसंख्य असल्याने याचा अर्थ सांगायला नको. पण इतर वाचकांसाठी सांगतो : त्या मुलाच्या मेंदूला हादरा बसला होता, ज्याला आपण कन्कशन म्हणतो. मी पंचवीसहून अधिक वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो आहे. माझ्यापासून चाळीस पावलांवर एक मूल डोक्यावर मार खाऊन पडले होते आणि मी कार्डाच्या रंगावर वाद घालत बसलो होतो. त्या दहा मिनिटांत त्याच्या डोक्याला दुसरा मार बसला असता तर काय झाले असते, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

वादाचा विषय क्षुल्लक होता, असे मात्र मला म्हणायचे नाही. कार्डाचा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याला बऱ्यापैकी स्पष्ट उत्तरही आहे. फुटबॉलच्या नियमावलीतील बारावा नियम अशा धडकेच्या तीन पायऱ्या मानतो. खेळाडू निष्काळजी असेल तर फक्त फाउल. बेपर्वा असेल, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला होणाऱ्या धोक्याची त्याने पर्वा केली नसेल, तर पिवळे कार्ड. आणि अवाजवी बळ वापरून त्याने समोरच्याची सुरक्षितता धोक्यात आणली असेल तर लाल कार्ड. यांत 'त्याच्या मनात काय होते' हा प्रश्न कुठेच येत नाही. 'मार किती लागला' हाही नाही. पंचाने पाहायची ती फक्त कृती : वेग किती, पाय किती उंच, गुडघा वा बूट कोणत्या दिशेला, स्वतःवर ताबा होता की नव्हता. लाल-पिवळ्या कार्डांची कल्पना इंग्लंडचे पंच केन ॲस्टन यांची, आणि १९७० च्या मेक्सिकोतील विश्वचषकापासून ती कार्डे वापरात आली. मैदानावरील सर्वांना, भाषा कोणतीही असो, निर्णय कळावा हा तिचा हेतू. निर्णयामागचा तर्क मात्र आजही प्रेक्षकांपर्यंत पोचलेला नाही.

मॅंचेस्टरमधील ९ सप्टेंबर २०१७ चा सामना अनेकांना आठवत असेल. लिव्हरपूलचा सादियो माने उंच चेंडूकडे पाय उचलून झेपावला आणि मॅंचेस्टर सिटीचा गोलरक्षक एडरसन डोके पुढे करून आला. बूट एडरसनच्या चेहऱ्यावर बसला. मानेची नजर चेंडूवर होती याबद्दल कोणालाच शंका नव्हती, त्याने पुढे जाहीर माफीही मागितली. तरीही पंच जॉन मॉस यांनी लाल कार्ड दाखवले. तीन सामन्यांची बंदी अवाजवी आहे, हे लिव्हरपूलचे अपीलही फेटाळले गेले. अनेक दिवस जगभरचे प्रेक्षक भांडत राहिले. माझ्या मते निर्णय योग्य होता. चेंडूकडे पाहणे हा बचाव होऊ शकत नाही. उलट, समोरून माणूस येणार हे ठाऊक असताना केवळ चेंडूकडे पाहणे हीच तर बेपर्वाई.

गोलरक्षक नेहमी सोसणारा असतो, असेही नाही. ८ जुलै १९८२ रोजी स्पेनमधील सेव्हिल येथे विश्वचषकाचा उपांत्य सामना पश्चिम जर्मनी आणि फ्रान्स यांच्यात झाला. जर्मन गोलरक्षक शूमाखर पुढे धावत आला आणि उडी मारून फ्रान्सच्या बॅटिस्टनवर आदळला. बॅटिस्टन बेशुद्ध पडला, त्याचे दात पडले, मणक्याला इजा झाली. पंचाने कार्ड तर सोडाच, साधा फाउलही दिला नाही. गोलकिकने खेळ सुरू झाला आणि जर्मनीने तो सामना पेनल्टी शूटआउटवर जिंकला. एडरसनच्या बाबतीत कार्ड आणि बॅटिस्टनच्या बाबतीत काहीच नाही. गोलरक्षकाला अभय आहे, असा समज दोन्ही दिशांनी किती पक्का रुजला आहे, ते यावरून दिसते.

आता जवळचे उदाहरण घेऊ. ५ डिसेंबर २००४, रविवार. बंगळूरच्या कंठीरवा मैदानावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना गोव्याचा धेंपो आणि कोलकात्याचा मोहन बागान यांच्यात होता. धेंपोचा पंचवीस वर्षांचा ब्राझिलियन आघाडीवीर क्रिस्तियानो ज्युनियर याने एक गोल केला होता. उत्तरार्धात दुसरा गोल करताना त्याची बागानचा गोलरक्षक सुब्रत पाल याच्याशी धडक झाली. चेंडू जाळ्यात गेला आणि ज्युनियर खाली कोसळला, तो पुन्हा उठला नाही. धेंपो २-० असा जिंकला, पण ज्या खेळाडूने दोन्ही गोल केले त्याचा मृत्यू झाला होता. धेंपोने त्याचा दहा क्रमांकाचा पोशाख कायमचा निवृत्त केला. मैदानावरील वैद्यकीय व्यवस्थेवर त्या वेळी कडक टीका झाली. पालवर चौकशी आणि निलंबनाची कारवाई झाली. परंतु लोकांच्या मनातली चौकशी फार दीर्घ चालली. ती झेप हेतुपुरस्सर होती का, बेपर्वा होती का, हा वाद गोव्यात आणि बंगालमध्ये वर्षानुवर्षे धुमसत राहिला.

या प्रकरणातील एक तपशील बालरोगतज्ज्ञ म्हणून मला कधी विसरता येत नाही. सुब्रत पालचा जन्म डिसेंबर १९८६ चा. म्हणजे त्या दिवशी त्याला अठरा वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. आपल्या शाखेच्या व्याख्येप्रमाणे तो मुलगाच होता. एका तरुणाचा मृत्यू झाला आणि दुसऱ्या, त्याहून लहान मुलाच्या नावापुढे तो मृत्यू लिहिला गेला. पुढे हाच मुलगा भारताचा गोलरक्षक झाला, २०११ च्या आशियाई चषकात त्याने केलेल्या बचावाचे कौतुक देशाबाहेरही झाले आणि २०१६ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. पण त्या रविवारनंतर तो रात्री झोपला कसा असेल, त्याच्याशी कोण बोलले असेल, असे प्रश्न माझ्या मनात येतात.

इथे मला आपल्या व्यवसायाकडे वळावेसे वाटते. ती झेप तशीच असती आणि ज्युनियर उठून उभा राहिला असता, तर आज तिची आठवणही कोणाला राहिली नसती. म्हणजे आपण निवाडा केला तो कृतीचा नव्हे, परिणामाचा. याच अन्यायाविरुद्ध आपण डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षे बोलत आलो आहोत. रुग्ण दगावला की नातेवाईकांच्या दृष्टीने डॉक्टर दोषी, आणि तोच उपचार करून रुग्ण वाचला की डॉक्टर देवमाणूस. ५ ऑगस्ट २००५ रोजी जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, निर्णयातील चूक वा अपघात म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, आणि फौजदारी जबाबदारीसाठी निष्काळजीपणा अत्यंत ढोबळ दर्जाचा असावा लागतो. आपल्या संघटनांनी या निकालाचे स्वागत केले. जो न्याय आपण स्वतःसाठी मागतो, तो चेंडूसाठी उडी मारणाऱ्या मुलाला नाकारता येणार नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. 'माझा हेतू चांगला होता' हा बचाव आपल्यालाही पुरत नाही. ॲलर्जीची चौकशी न करता इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरचा हेतू रुग्णाला बरे करण्याचाच असतो. कोणाला इजा झाली नाही, म्हणून ती कृती क्षम्य ठरत नाही. त्याचप्रमाणे कोणाला लागले नाही म्हणून उंचावलेला बूट क्षम्य ठरत नाही. म्हणून माझे मत असे की, धोकादायक कृतीला लाल कार्ड मिळायलाच हवे, मग समोरचा खेळाडू हसत उठला तरी. आणि कृती धोकादायक नसेल तर समोरचा खेळाडू दवाखान्यात गेला तरी कार्ड नको. मी कार्डाकडे सूड म्हणून पाहत नाही. ते लसीसारखे आहे. आज टोचलेली लस उद्याच्या आजारासाठी असते, तसे आजचे कार्ड उद्याच्या गोलरक्षकासाठी असते.

या कसोटीवर रांध्याच्या मैदानावरील निर्णयाकडे पाहिले, तर माझेच मत चुकीचे होते असे म्हणावे लागते. तो मुलगा सरळ वर उडाला होता. धावत येऊन आडवा पाय वा गुडघा त्याने मारलेला नव्हता. पंचाचे पिवळे कार्ड बरोबर होते. माझे लाल कार्ड पडलेल्या मुलाला पाहून निघाले होते, म्हणजे परिणाम पाहून.

परंतु पंच बरोबर असूनही आम्ही सगळे चुकलो, कारण पहिला प्रश्न कार्डाचा नव्हताच. फुटबॉलच्या मोठ्या मैदानांनीही हे उशिरा शिकले आहे. १४ ऑक्टोबर २००६ रोजी चेल्सीचा गोलरक्षक पेत्र चेक याच्या डोक्यावर रेडिंगच्या स्टीफन हंटचा गुडघा बसला आणि कवटीचे हाड आत दबले. हंटला कार्ड मिळाले नाही आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. पण टिकून राहिले ते वेगळेच : चेक पुढे निवृत्त होईपर्यंत डोक्याला संरक्षक टोपी घालून खेळला आणि मैदानावरील वैद्यकीय व्यवस्था अधिक काटेकोर झाली. २६ मे २०१८ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलचा गोलरक्षक कारियुस याच्या डोक्याला प्रतिस्पर्ध्याचे कोपर लागले. तो खेळत राहिला, त्यानंतर त्याच्याकडून दोन मोठ्या चुका झाल्या आणि जगाने त्याची टर उडवली. काही दिवसांनी अमेरिकेतील डॉक्टरांनी तपासून त्याला कन्कशन झाल्याचे सांगितले. ज्याला आपण ढिसाळ खेळ म्हणतो तो कधीकधी मेंदूच्या दुखापतीचा परिणाम असतो. १ जुलै २०२४ पासून कन्कशनसाठी अतिरिक्त बदली खेळाडू देण्याची कायमची तरतूद नियमावलीत झाली. ती लागू करायची की नाही हे मात्र स्पर्धेच्या आयोजकांवर सोपवलेले आहे.

मैदानावर दोन प्रकारचे धोके ध्यानात ठेवावे लागतात. पहिला डोक्याचा. कन्कशन होण्यासाठी शुद्ध हरपावी लागत नाही. बहुतेक मुलांची ती हरपतच नाही. गोंधळलेली नजर, तोच प्रश्न पुन्हा विचारणे, तोल जाणे, डोकेदुखी, उलटी यांपैकी एक जरी दिसले तरी मूल मैदानाबाहेर काढावे आणि त्या दिवशी परत पाठवू नये. पहिला हादरा ओसरण्यापूर्वी दुसरा बसला तर क्वचित मेंदूला वेगाने सूज येऊन मृत्यू ओढवतो, आणि हे मुख्यतः किशोरवयातच आढळते. प्रत्येकाला सीटी स्कॅन लागत नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले पेकार्नचे निकष यासाठी उत्तम आहेत. आमच्या गोलरक्षकाचे वारंवार तेच विचारणे त्या निकषांत मोडत होते, म्हणून त्याचा स्कॅन केला. सुदैवाने तो निर्दोष निघाला.

दुसरा धोका छातीचा. मुलांची छाती लवचिक असल्याने चेंडूचा वा गुडघ्याचा फटका हृदयावर एका विशिष्ट क्षणी, म्हणजे टी-तरंग चढत असताना, बसला तर निरोगी हृदयही एकाएकी फायब्रिलेशनमध्ये जाते. यालाच कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. फटका जोराचा असावाच लागतो असे नाही. २ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकेतील व्यावसायिक खेळाडू डेमार हॅम्लिन सामन्यात असाच कोसळला आणि जागीच मिळालेल्या उपचारांमुळे वाचला. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये ख्रिस्तियन एरिक्सन याचे हृदय धडकेविनाच थांबले. तोही मैदानावरील सीपीआर आणि डिफिब्रिलेटर यांमुळे वाचला. उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. सिल्वासाहून रुग्णवाहिका रांध्याला पोचेपर्यंत किती मिनिटे जातात, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

म्हणून संघटनेपुढे तीन विनंत्या ठेवतो. पहिली : आपल्या परिसरात मुलांच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना, शाळांना आणि कामगार वसाहतींना वर्षातून एकदा, मोसमापूर्वी, सीपीआरचे प्रात्यक्षिक द्यावे. छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, हे दहावीतला मुलगाही अर्ध्या तासात शिकतो. दुसरी : वर्गणी काढून एक डिफिब्रिलेटर घ्यावा आणि स्पर्धेच्या दिवशी तो मैदानावर न्यावा. बक्षिसांच्या ढाली आणि हारतुऱ्यांवर होणारा खर्च दोन-तीन वर्षे वाचवला तरी त्यात मोठी भर पडेल. तिसरी, जिला पैसा लागत नाही : पंचांना एकच नियम सांगावा की डोक्याला मार लागला की प्रथम शिट्टी, मग मुलाची तपासणी, आणि कार्ड सर्वांत शेवटी. शंका असेल तर मूल बाहेर. यावर प्रशिक्षक, पालक वा पाहुणे म्हणून बसलेले डॉक्टर यांपैकी कोणाचेही अपील नाही.

शेवटी त्या दोन मुलांविषयी. गोलरक्षकाला आम्ही दोन दिवस विश्रांती दिली, नंतर हळूहळू शाळा आणि डोकेदुखी पूर्ण थांबल्यावर टप्प्याटप्प्याने खेळ. तो महिन्याभरात पुन्हा गोलात उभा राहिला. त्याच्या आईने मला विचारले, "डॉक्टरसाहेब, त्या दुसऱ्या पोराचे काय झाले?" त्या वेळेपर्यंत मी त्याची चौकशीही केली नव्हती.

मी वसाहतीत गेलो. तो पंधरा वर्षांचा मुलगा त्या दिवसापासून मैदानावर आलेला नव्हता. कोणीतरी त्याला 'पोरगं मेलं असतं तर' असे बोलले होते. मी त्याला सांगितले की, तुझी चूक पिवळ्या कार्डाएवढी होती आणि ते तुला मिळाले, हिशेब पुरा झाला. तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी मात्र दोघे एकाच संघात खेळताना दिसले, कारण त्या दिवशी मुलेच कमी आली होती.

त्या दिवशी मी बक्षीस द्यायला गेलो नव्हतो. खिशात टॉर्च होता, फोनवर १०८ तयार होता आणि खुर्ची गोलाच्या जवळ ओढून घेतली होती. माझे बंगाली मित्र येऊन शेजारी बसले आणि २००४ च्या त्या अंतिम सामन्याविषयी पुन्हा बोलू लागले. मी त्यांना म्हटले, "दादा, वाद जरूर घालू, पण खेळ संपल्यावर."